'आनोहाना' : राहिलेली इच्छा नक्की कोणाची?

सांजवात | १४ जून, रात्री ११:०५

'आनोहाना' ही जपानी अॅनिमेशन मालिका काल दुसऱ्यांदा पाहून संपवली. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेवटच्या भागात एवढी रडले होते की काय पाहिलं ते नीट लक्षातच राहिलं नाही. या वेळी वही-पेन घेऊन बसले. रडले तरीही, पण एक गोष्ट हाती लागली आहे. ती मांडायला हा धागा.

पुढे शेवटासकट सगळं लिहिलं आहे. पाहिली नसेल तर आधी बघून या. अकराच भाग आहेत, एका रविवारी होतात.

पूर्ण नाव लांबलचक आहे. मराठीत साधारण 'त्या दिवशी पाहिलेल्या फुलाचं नाव आम्हाला अजून माहीत नाही' असं होईल. २०११ च्या एप्रिल ते जूनमध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर रात्री उशिरा लागायची. दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, लेखिका मारी ओकादा.

सहा लहान मुलं. रानातल्या एका खोपटात त्यांचा गुप्त अड्डा, आणि गटाचं नाव 'सुपर पीस बस्टर्स'. म्होरक्या जिंतान. एका उन्हाळ्यात त्यांच्यातली मेन्मा नदीत पडून जाते आणि गट फुटतो. काही वर्षांनी, शाळा सोडून घरात कोंडून घेतलेल्या जिंतानसमोर मेन्मा येऊन उभी राहते. पांढरा फ्रॉक, लांब केस, अंगाने वाढलेली, पण बोलणं-वागणं तेच लहान मुलीचं. दिसते फक्त त्याला. म्हणते, माझी एक इच्छा राहिली आहे, ती पुरी करा. कोणती, ते तिलाच आठवत नाही.

हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवलेला असतो आणि कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. "धाकटीचं लग्न आम्ही करू." "घरावरून भांडणार नाही." माझ्या आजोबांच्या वेळी जवळजवळ तासभर कावळा आला नव्हता. आत्या पुढे झाली आणि म्हणाली, "आईला मी माझ्याकडे नेते." थोड्या वेळाने आला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मला वाटलं आजोबांनी ऐकलं. आता वाटतं, आत्याने ते वाक्य सगळ्यांदेखत बोलणं आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकणं, हेच तिथे व्हायचं होतं.

'आनोहाना' ही त्या तासाभराची गोष्ट आहे.

पाचही जण ठरवतात की मेन्माची इच्छा म्हणजे ते रॉकेट असणार. लहानपणी जिंतानची आई दवाखान्यात होती, तेव्हा देवाला चिठ्ठी पाठवायला म्हणून या मुलांनी रॉकेट बनवायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं. आता ते खरोखर बनवतात. जिंतान दुकानात आणि बांधकामावर राबून पैसे जमवतो. दहाव्या भागाच्या शेवटी रॉकेट आकाशात जातं. सगळे वर बघत असतात. मेन्मा मात्र तिथेच उभी.

मग रात्री देवळाच्या आवारात पाचही जण बसतात आणि एकेक जण तोंड उघडतो. अनारू म्हणते, मेन्मा गेली तर जिंतान मला मिळेल असं वाटत होतं. युकिआत्सूला सहन होत नव्हतं की ती फक्त जिंतानलाच दिसते. त्सुरुकोच्या मनात युकिआत्सू, आणि त्याच्या मनातून मेन्मा निघत नव्हती. पोप्पो, सगळ्यांना हसवणारा, सांगतो की त्या दिवशी त्याने मेन्माला वाहून जाताना पाहिलं होतं आणि तो काही करू शकला नव्हता. रॉकेट त्यांनी मेन्मासाठी उडवलंच नव्हतं. प्रत्येकाने आपल्या मनावरचं ओझं उतरवायला उडवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: मालिकेतली राहिलेली इच्छा या पाच जणांची आहे. त्यांना एकमेकांना सांगायचं होतं, "त्या दिवशी माझं चुकलं." सांगायला कोणी समोर उरलं नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

तुम्हाला काय वाटतं?

---

घाटमाथा | १५ जून, सकाळी ७:४०

सकाळी सकाळी रडवलंत ताई.

कावळ्याचं अगदी पटलं. मला यातली मेन्माची आई विसरता येत नाही. घरात मुलीचा देव्हाऱ्यासारखा कोपरा केला आहे, तिथे रोज ताट ठेवते. ही मुलं डायरी मागायला जातात तेव्हा आधी शांत असते. नंतर जे फुटते! तुम्ही सगळे मोठे झालात आणि माझी मेइको (मेन्माचं खरं नाव) तेवढी मागे राहिली, अशा अर्थाचं ती ओरडते. मुलांची काही चूक नसते. तिचीही नसते. मी दोन मुलींचा बाप आहे, तो प्रसंग मला थांबवून थांबवून बघावा लागला.

---

अनुस्वार | १५ जून, सकाळी ९:१२

धागा आवडला, पण माझं मत वेगळं आहे.

पहिले तीन-चार भाग फार चांगले. घरात पडून व्हिडिओ गेम खेळणारा जिंतान, बाहेर उकाडा, सिकाडा किड्यांची किरकिर, आणि आधी नुसती कटकट वाटणारी मेन्मा. तिथे लेखिका काहीच सांगत नाही, आपण बघतो. शेवटच्या भागात मात्र पाच जणांना एकाच वेळी हुंदके देऊन किंचाळायला लावलं आहे. अशा वेळी प्रेक्षकाला स्वतःचं रडायला जागाच राहत नाही. युकिआत्सू मेन्माचा फ्रॉक आणि केसांचा टोप घालून रानात फिरतो, तोही प्रसंग मला ओढूनताणून आणलेला वाटला. दुःख दाखवायला इतकं करायला हवं का?

---

सांजवात | १५ जून, दुपारी १:३०

अनुस्वार, युकिआत्सूबद्दल मला नेमकं उलट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तो गटातला हुशार, देखणा, चांगल्या शाळेत जाणारा. जिंतानला येताजाता टोमणे मारणारा. आपल्याला वाटतं, हा सावरला. आणि हाच रात्री फ्रॉक घालून रानात फिरतो, इतरांना मेन्मा दिसावी म्हणून. त्याचा त्या दिवसाचा भाग आठवा. त्याने मेन्मासाठी केसांची क्लिप आणली होती, ती तिने घेतली नाही, त्याने ती फेकली. थोड्या वेळाने ती गेलीच. वर्गात पहिला येऊन ती क्लिप परत मिळत नाही ना. घरात कोंडून घेतलेला जिंतान निदान उघड उघड मोडलेला आहे. युकिआत्सू मोडलाय हे कोणाला दिसतच नाही, म्हणून त्याला असं काहीतरी विचित्रच करावं लागतं.

आणि फेकलेली क्लिप कोणी उचलली? त्सुरुकोने. इतकी वर्षं स्वतःकडे ठेवली. कोणाला बोलली नाही. मालिकेतली सगळ्यात शांत मुलगी, आणि मला तिच्यासाठीच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

शेवटच्या रडारडीबद्दल तुमचं अर्धं मान्य. आवाज जरा कमी चालला असता. पण मेन्माची खरी इच्छा काय निघते ते बघा. जिंतानची आई मरणाच्या दारात होती आणि हा मुलगा तिच्यासमोर एकदाही रडत नव्हता. आईला तीच काळजी होती. मेन्माने तिला शब्द दिला होता की मी जिंतानला रडवीन. रडवायचं, हीच ती इच्छा. मग शेवटी कोणी मूकपणे रडून चालणार कसं?

---

अनुस्वार | १५ जून, दुपारी २:०५

आईला दिलेल्या शब्दाचं लक्षात होतं, पण शेवटच्या भागातल्या रडण्याशी त्याचा असा संबंध मी लावला नव्हता. मान्य. पुन्हा पाहीन.

---

तोक्योकर | १५ जून, संध्याकाळी ६:२०

आठ वर्षं इथे आहे, म्हणून थोडी भर घालतो.

मालिकेत गावाचं नाव ठळकपणे येत नाही, पण सगळी ठिकाणं सैतामा प्रांतातल्या चिचिबु गावची आहेत. तोक्योच्या इकेबुकुरो स्टेशनवरून सेइबु कंपनीची गाडी जाते. जलद गाडीने सव्वा-दीड तास. इमारती संपतात, बोगदे लागतात, आणि बाहेर आलं की समोर बुको डोंगर. त्याची एक बाजू पायऱ्या पाडल्यासारखी कापलेली आहे, कारण सिमेंटसाठी वर्षानुवर्षं त्यातला चुनखडक काढत आले आहेत. मालिकेतल्या आकाशरेषेत तोच डोंगर आहे. रोज डोळ्यांसमोर असलेली, पण कापली गेलेली एक गोष्ट. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मेन्माचं घर आठवलं.

जुना चिचिबु पूल, ज्यावर ही मुलं सारखी भेटतात, तो आराकावा नदीवर १९३१ साली बांधलेला काँक्रीटचा कमानी पूल आहे. शेजारी नवा पूल झाल्यावर तो फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला. मी गेलो तेव्हा ऑगस्ट होता, पुलावर एक आजोबा छत्री उघडून बसले होते आणि खाली नदी. फार खोल वाटत नाही. तेच जास्त लागतं.

त्यांचं देऊळ म्हणजे जोरिन-जी. चिचिबु खोऱ्यात कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, चौतीस देवळं आहेत, त्यांची यात्रा करतात, त्यातलं हे सतरावं. लोक नवस लिहायच्या लाकडी पाट्यांवर मेन्माची चित्रं काढून टांगून जातात. एकीवर कोणीतरी आपल्या गेलेल्या मित्राबद्दल लिहिलं होतं. पुढे वाचलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतं.

रॉकेटही कल्पनेतलं नाही. चिचिबुच्या योशिदा भागात मुकु देवळाचा उत्सव ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असतो, त्यात 'र्युसेइ' उडवतात. पाईनचं लाकूड उभं चिरून, आतून कोरून, पुन्हा जोडून बांबूच्या कड्यांनी आवळायचं, आत दारू ठासायची आणि लांबच लांब बांबूला बांधायचं. गावातली मंडळं आपापली र्युसेइ बनवतात, दिवसभरात तीसेक उडतात. उडवण्याआधी मंचावरून ते कोणाच्या वतीने आणि कशासाठी, ते सुरात घोषणा करून सांगतात. २०११ च्या उत्सवात या मालिकेच्या नावानेही एक उडवलं गेलं. तुमच्या कावळ्याच्या गोष्टीला हे फार जवळचं आहे: इच्छा आधी मोठ्याने सगळ्यांना सांगायची, मग वर सोडायची.

आणखी एक. मुलं मेन्माला 'जोबुत्सु' मिळावं म्हणतात. शब्दशः 'बुद्ध होणं'. बोलीभाषेत मेलेल्या माणसाचा जीव कशात न अडकता पुढे जाणं. माझ्या घरमालकीणबाई नवऱ्याबद्दल बोलताना हा शब्द इतक्या सहज वापरतात, जसं आपली आजी म्हणते, 'सुटला बिचारा'.

---

घाटमाथा | १५ जून, संध्याकाळी ६:४८

तोक्योकर, यावर स्वतंत्र लेख लिहा कृपया. फोटो असतील तर तेही.

---

निशिगंध | १५ जून, रात्री ९:३३

लेखिकेबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

मारी ओकादा मूळची चिचिबुचीच. लहानपणी शाळेत त्रास झाला आणि तिने जाणं बंद केलं. वर्षानुवर्षं ती घरातच होती. नंतर तोक्योला जाऊन लेखन शिकली. २०१७ मध्ये तिचं आत्मकथन आलं, त्यात हे सगळं तिने स्वतः सांगितलं आहे. आता पहिला भाग पुन्हा बघा. जिंतान कधी नव्हे तो घराबाहेर पडतो, आणि वाटेत चांगल्या शाळेच्या गणवेशातले युकिआत्सू आणि त्सुरुको भेटतात. काही भयंकर घडत नाही, दोन वाक्यं बोलली जातात. पण ज्याने शाळा सोडली आहे त्याला लहान गावात रस्त्यावर कोणत्या वेळी कोण भेटेल याचा हिशेब ठेवूनच बाहेर पडावं लागतं. हे बाहेरून बघून लिहिता येत नाही.

मी दहावीनंतर एक वर्ष घरी होते. कारण इथे लिहीत नाही. माझ्या एका मैत्रिणीने तेव्हा रोज संध्याकाळी पाच मिनिटं दारात येऊन नुसतं "काय करतेस" विचारलं. आत यायची नाही, उपदेश नाही. मेन्मा जिंतानच्या घरात नुसती लुडबुड करत असते, खायला मागते, पसारा करते. बऱ्याच जणांना ती त्या भागांत वैतागवाणी वाटते. मला त्याचं महत्त्व कळतं.

---

बोरकूट | १६ जून, सकाळी ८:०२

शेवटच्या गाण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. 'सीक्रेट बेस' हे मूळ गाणं झोन नावाच्या मुलींच्या बँडचं, २००१ चं. त्यात उन्हाळा संपताना दोन मित्र एकमेकांचा निरोप घेतात आणि दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटू असा विश्वास असतो. मालिका बरोबर दहा वर्षांनी आली. गाणं नव्याने गायलं मेन्मा, अनारू आणि त्सुरुकोला आवाज देणाऱ्या तिघींनी: आई कायानो, हारुका तोमात्सु, साओरी हायामी. आणि झोन बँड तोवर मोडला होता, पण गाण्यातल्या त्या ऑगस्टसाठी, २०११ मध्ये, पुन्हा एकत्र आला.

प्रत्येक भागाचा शेवटचा प्रसंग चालू असतानाच गाण्याचे पहिले सूर मागून सुरू होतात. तिसऱ्या भागापासून मला नुसत्या सुरांनीच भरून यायला लागलं होतं.

आणि एक जाणवलं. पहिला भाग १४ एप्रिल २०११ ला लागला. ११ मार्चला तिथे भूकंप आणि त्सुनामी होऊन गेली होती. मालिका त्याआधीच लिहून झाली असणार, तिचा त्या घटनेशी संबंध जोडायचा नाही. पण त्या वसंतात टीव्हीसमोर बसलेल्या लोकांच्या घरात पाण्याने नेलेल्या माणसाची गोष्ट कशी पोचली असेल, हे डोक्यातून जात नाही.

---

आजोळ | १६ जून, सकाळी ११:२५

मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला दाखवावी का? त्याचा जवळचा मित्र मागच्या वर्षी अपघातात गेला. तो त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

---

निशिगंध | १६ जून, दुपारी १२:१०

आजोळ, आधी तुम्ही एकट्याने पूर्ण बघा. मेन्मा परत येते, बोलते, मिठी मारते. नुकतं माणूस गेलेल्या मुलाला हे सुखाचं वाटेल की जखम उघडेल, हे तुम्हालाच कळेल. काही ठिकाणी विषय मोठ्यांचे आहेत, अनारूच्या बाबतीत एक नकोसा प्रसंग येतो. दाखवलीत तर शेजारी बसून दाखवा. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याशीही बोला. एक वर्ष गप्प राहणं फार आहे त्याच्यासाठी.

---

आजोळ | १६ जून, दुपारी १२:३१

आभार. आज रात्रीच सुरू करते.

---

सांजवात | १६ जून, रात्री १०:५०

आजोळ, तुमचा प्रतिसाद वाचून दिवसभर अस्वस्थ होते. मूळ धाग्यात एक गोष्ट लिहायची टाळली होती, ती लिहिते.

आमच्या वाड्यात आम्ही पाच जणी होतो. मागच्या अंगणात, पेरूखाली आमचं घर होतं. चार विटा आणि जुनं लुगडं. त्यातली एक अकराव्या वर्षी तापाने गेली. सोमवारी शाळेत होती, पुढच्या सोमवारी नव्हती. घरी सगळ्यांनी बजावलं, तिचं नाव काढू नका, काकूंना त्रास होईल. आम्ही शहाण्या मुली होतो. नाव काढलं नाही. एकमेकींसमोरही नाही. वर्षभरात आम्ही चौघी एकमेकींशी खेळणं सोडून दिलं, आणि ते का सुटलं याचा मी कधी विचारही केला नव्हता.

तिची पितळी भातुकली माझ्याकडे राहिली. ताप यायच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, छोटा बंब कोणाचा यावरून. मी तो दिला नाही, फ्रॉकच्या ओच्यात बांधून सगळंच घरी घेऊन आले. ती म्हणाली, "ठेव तुलाच." नंतर परत करायला जायची हिंमत झाली नाही. परत करायचं म्हणजे नाव काढायचं. वाडा सुटला, लग्न झालं, चार घरं बदलली, ती पिशवी प्रत्येक घरात माळ्यावर माझ्याबरोबर आली.

जिंतान त्या दिवशी सगळ्यांसमोर मेन्माला "असली कुरूप मुलगी मला कशाला आवडेल" म्हणून पळून जातो. ती हसते. मागे वळून बघतो तेव्हा तिचं ते हसू दिसतं, आणि तेच तिचं शेवटचं. मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी याच ठिकाणी मध्येच बंद करून ठेवली होती, नंतर पुढे पाहिली.

---

तोक्योकर | १७ जून, पहाटे ५:१५

ताई, बाकीच्या तिघी कुठे आहेत आता?

---

सांजवात | १७ जून, सकाळी १०:४०

एक पुण्यात, एक बेळगावला. तिसरीचा पत्ता नाही. पुण्याचीचा नंबर चुलतभावाकडून मिळतो आहे.

---

घाटमाथा | १७ जून, सकाळी ११:०२

फोन करा. आजच करा.

---

सांजवात | २२ जून, रात्री ९:२०

पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. पहिली दहा मिनिटं मुलं, नोकरी, गुडघे. मग मी तिचं नाव काढलं. पलीकडे शांत. मग ती म्हणाली, "ती आजारी होती त्या आठवड्यात मी तिला बघायला गेले नाही, ताप लागेल म्हणून आईने सोडलं नाही. मी हट्ट पण केला नाही." एकोणतीस वर्षं तिला हे टोचत होतं. मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, टोचतंय ते फक्त मला.

काकू अजून त्याच गावात आहेत, हे तिच्याकडूनच कळलं. काल आम्ही दोघी गेलो. पिशवी घेऊन गेले होते. पितळ काळं पडलं होतं, आदल्या रात्री चिंच लावून घासलं.

काकूंनी मला लगेच ओळखलं. मी पिशवी पुढे केली आणि माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांनी एकेक भांडं बाहेर काढून चटईवर मांडलं. चूल, परात, कळशी, बंब. बंबाची तोटी फिरवून बघितली.

"तुझ्याकडे आहेत हे मला ठाऊक होतं गं," म्हणाल्या. "तिने सांगितलं होतं तापात. मुद्दाम मागितली नाहीत. म्हटलं, तिथे खेळली तरी जातील."

मग त्यांनी चहा टाकला आणि आम्हा दोघींना विचारलं, ती शाळेत कशी होती, वर्गात कुठल्या बाकावर बसायची, डबा संपवायची का. अंधार पडेपर्यंत आम्ही सांगत होतो.